लागून असलेल्या दोन इमारतींमधल्या अग्निरोधक भिंतीत दोन्हीकडचे स्टील बीम बसवले तर चालतील का?

एकाच भिंतीत दोन्हीकडचे बीम पक्के जखडू नका. आगीत एका बाजूचं छत कोसळलं तरी भिंत उभी राहिली पाहिजे. जखडलेला बीम पडताना तिलाही ओढून नेतो. त्याआधीचा धोका बरेचजण विसरतात: तापमान 500 अंश सेल्सिअसने वाढलं की 10 मीटरचा बीम सुमारे 60 मिलिमीटर लांबतो आणि भिंतीला ढकलतो.

माझ्या मते दुहेरी भिंतच सर्वांत भरवशाची. प्रत्येक इमारतीला आपली भिंत, मधे प्रसरणाचा हिशेब करून ठेवलेली फट, एकमेकींना कुठेही जोड नाही. बांधताना त्या फटीत मसाला साचू देऊ नका, नाहीतर फट नावालाच उरते. एकच भिंत हवी असेल तर ती पायातूनच कँटिलिव्हर करून, म्हणजे फक्त पायात घट्ट रोवून स्वतःच्या बळावर उभी करून, दोन्ही इमारतींच्या सांगाड्यांपासून सुटी ठेवा.