ठाण्यातल्या चर्चचं उन्हाळी शिबिर: शेजाऱ्यांना काय सांगावं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. सासूबाईंच्या ठाण्यातल्या चर्चमध्ये मे महिन्यात मुलांचं व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतलं बायबल शिबिर) असतं. पाळकसाहेबांनी आमच्याकडे प्रसिद्धीसाठी मदत मागितली आहे. चर्चच्या मंडळीतल्यांना सांगणं सोपं आहे, पण सोसायटीतल्या शेजाऱ्यांचं काय?

उत्तर: शिबिरात बायबलमधल्या गोष्टी, गाणी आणि प्रार्थना असतील, हे पत्रकाच्या पहिल्याच ओळीत ठळक येऊ द्या. नुसतं 'समर कॅम्प' लिहून मुलं गोळा करू नका. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत एकाच मजल्यावर निरनिराळ्या धर्मांची घरं असतात. लेक घरी येऊन प्रार्थना म्हणायला लागली आणि आईला सगळं तेव्हाच कळलं, तर तिला फसवल्यासारखं वाटणारच. आधी सांगितलंत तर ज्यांना नको ते सरळ नाही म्हणतील, आणि सासूबाईंचं त्यांच्याकडे येणं-जाणंही तसंच राहील. पत्रकावर भेटवस्तूंचं आमिष अजिबात नको. अर्जावर पालकांची सही, फोन नंबर, मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि न्यायला कोण येणार, एवढं हवंच.

निमंत्रण सासूबाईंनी स्वतः दारात जाऊन द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड कोण वाचतो? लिफ्टजवळच्या फलकावर पत्रक लावायचं तर आधी सेक्रेटरींना विचारा. मंडळीतही उपासनेनंतरच्या सूचनेवर भागत नाही. प्रत्येक घराला दोन पत्रकं द्या, एक त्यांना आणि एक त्यांच्या मुलांच्या मित्राला.

तारखा मात्र फेब्रुवारीतच जाहीर व्हायला हव्यात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. मे महिन्यात गावी जाणारे मार्चमध्येच तिकिटं काढतात. मग कितीही आग्रह केला तरी मुलं येत नाहीत.

तिकडे बसून तुम्ही पत्रक आणि अर्ज तयार करू शकता. मागच्या वर्षीच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय वापरू नका.

पैसे पाठवताना पासपोर्ट कुठला आहे ते बघा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली, परदेशी धरली जात नाही. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असूनही ती परदेशीच ठरते, आणि चर्चची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्यांना ती घेता येत नाही. ओसीआयवर येऊन शिबिरात शिकवायचा विचार असेल तर २०२१च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते. तिकीट काढण्याआधीच एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात चौकशी करा.