पूर, महामारी हीसुद्धा देवाची योजनाच, असं ख्रिस्ती लोक मानतात का?

तुमचा प्रश्न असा, की इतिहासाला हेतू आहे असं ख्रिस्ती लोक म्हणतात, मग २६ जुलैचा पूर, कोविड हेही देवानेच ठरवलेलं का? मी वांद्र्याचा कॅथलिक. पाद्री नाही, पण थोडंफार वाचलंय.

इतिहास कुठेतरी पोहोचणार आहे, हे आम्ही मानतो. पण अमुक घटना देवाने अमुक कारणासाठी घडवली, हे सांगायचा अधिकार कुणालाही नाही.

दर रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आम्ही श्रद्धेची कबुली म्हणतो. जगाची निर्मिती, येशूचं मरण आणि पुनरुत्थान, त्याचं पुन्हा येणं, सगळं ओळीने येतं. मध्येच येशूला क्रूसावर चढवायला लावणाऱ्या पिलात या रोमन सुभेदाराचं नाव! ते मुद्दाम आहे, कारण हे सगळं एका ठरावीक काळात, ठरावीक राजवटीत घडलं असा दावा आहे.

पण पुढे घोळ झाला. सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात, ३१३ नंतर, युसेबियससारख्या बिशपांना रोमन साम्राज्य हीच देवाची योजना वाटू लागली. ४१० साली गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोम लुटलं. जुन्या देवांना सोडल्याची ही शिक्षा, असं लोक म्हणू लागले. तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांनी ‘देवाचं नगर’ लिहायला घेतलं. बावीस भागांचा ग्रंथ, पुरा व्हायला बारा-तेरा वर्षं लागली. त्यांचं म्हणणं असं, की देवावर प्रेम करणारे आणि स्वतःवरच प्रेम करणारे अशी दोन नगरं शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेली राहतात. कुठलंही साम्राज्य म्हणजे देवाचं राज्य नव्हे, आणि संकट चांगल्या-वाईट दोघांवरही येतं.

येशूने तर हे आधीच सांगितलं होतं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का? ‘नाही’, असं तो स्पष्ट म्हणतो (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १३). लगेच पुढे ‘तुम्हीही पश्चात्ताप करा’ हे आहेच, ते मी लपवत नाही.

आमच्याकडे गल्लोगल्ली क्रूस दिसतात, त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगनंतरचे. काहींवर खिळे, शिडी, कोंबडा अशा येशूच्या मरणाच्या कथेतल्या खुणा कोरलेल्या असतात. मे महिन्यात तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. हे क्रूस उभारले ते रोगापासून रक्षण व्हावं म्हणून, प्लेग का आला याचा खुलासा करायला नव्हे.

इतिहासाच्या शेवटाबद्दलही मतभेद आहेत. बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं काही प्रॉटेस्टंट पंथ शब्दशः घेतात, कॅथलिक घेत नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रवचनकाराच्या अनुयायांनी तर २२ ऑक्टोबर १८४४ ही येशूच्या येण्याची तारीखच धरली होती. तो दिवस पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही, माहीत नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) असताना!

मग माणसाने काय करायचं, तर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, म्हटलंय, की जगातली प्रगती आणि देवाचं राज्य एक नव्हे, पण माणसाची प्रतिष्ठा, बंधुता, स्वातंत्र्य यांसाठी केलेलं काम त्या राज्यात शुद्ध होऊन पुन्हा सापडेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पुराला शिक्षा म्हणणारे फॉरवर्ड येतात, ते या शिकवणीत कुठे बसतात हे मला तरी कळलेलं नाही.