‘तूच कर’ म्हणणारं मूल

जून उजाडला, बालवाड्या उघडल्या की गोव्यातल्या फोंड्यात मी आयांना आणि मुलांना भेटते त्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या आयांच्या तोंडून ऐकू येऊ लागते. “मॅडम, हा कशातच बसत नाही. रंग आणले, क्राफ्टचं किट आणलं, मोबाइलवर बघून सगळं मांडून दिलं. दोन मिनिटं झाली की ‘तूच कर’ म्हणून उठतो. मग मोबाइल मागतो.” चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की तक्रारीला धार चढते आणि दिवाळीच्या आकाशकंदिलापर्यंत आई रडकुंडीला आलेली असते. मग हळूच येतो तो खरा प्रश्न: “याचं लक्ष लागत नाही, म्हणजे काही प्रॉब्लेम तर नाही ना?”

बहुतेक वेळा नसतो. साडेपाच वर्षांचं मूल शर्टाची बटणं लावू शकत नसेल, पेन्सिल धरायचंच टाळत असेल, खेळतानाही एका जागी क्षणभर थांबत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. त्यात कमीपणा नाही. पण जे मूल अंगणात मुंग्यांची रांग बघत अर्धा तास उकिडवं बसतं, त्याच्या लक्षात काही खोट नाही. ते आपण मांडून दिलेल्या कामातून उठतं, आणि का उठतं हे बघायला हवं.

एका मायलेकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेपाच वर्षांचा. घरात कोकणी, शाळेत मराठी. आई हुशार, हौशी, नोकरी सांभाळून मुलासाठी रात्री जागणारी. पहिल्याच भेटीत तिने फोनमधले फोटो दाखवले. कापसाचा ससा, पिस्त्याच्या टरफलांचा मोर आणि शाळेच्या स्पर्धेत पहिला आलेला आकाशकंदील. कंदील खरोखर देखणा होता: काठाला सोनेरी पट्टी, खाली एकसारख्या कापलेल्या झिरमिळ्या. मी मुलाला फोटो दाखवून म्हटलं, “किती छान! कसा केलास?”

त्याने फोटोकडे नीट बघितलंही नाही. म्हणाला, “तो मम्मीन केला. म्हाका हात लावपाक दिवंक ना.” (मला हात लावू दिला नाही.)

आई कसनुशी हसली. “अहो, पण बक्षीस त्यालाच मिळालं ना! नाव त्याचंच जाहीर केलं.”

“आणि तुम्ही वेडावाकडा पाठवला असता तर?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ग्रुपवर सगळ्यांचे फोटो येतात, मॅडम. सगळ्यांचे इतके सुंदर असतात. आपलाच तेवढा तसा दिसला, तर लोकांना वाटेल, आई लक्ष देत नाही.”

ती मोकळेपणाने बोलली याचं मला फार बरं वाटलं. कारण इतक्या वर्षांत मी हेच बघत आले आहे: क्राफ्टच्या टेबलावर परीक्षा मुलाची नसते, आईची असते. आणि आई परीक्षेला बसली की मुलाच्या वाट्याला फक्त प्रेक्षकाची खुर्ची उरते. प्रेक्षक कंटाळला की उठून जाणारच.

पुढे काही भेटी बोलण्यात गेल्या. बोलून आईला सगळं पटत होतं, हात मात्र ऐकत नव्हते. चवथीच्या आधीचे दिवस होते. एका दुपारी मी गणपती घडवतात त्या जवळच्या चित्रशाळेतून मूर्तीची चिकणमाती मागून आणली. एक गोळा मुलाला दिला, एक आईला. नियम एकच सांगितला: दुसऱ्याच्या मातीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मुलाने उंदीर करायला घेतला. शेपटी लांब वळली, जोडली, ती गळून पडली. आईचा हात लगेच पुढे गेला. मी काही न बोलता तिच्याच गोळ्याकडे बोट केलं. तिने हात मागे घेतला. पुन्हा शेपटी पडली, पुन्हा तिची बोटं निघाली, पुन्हा वाटेत थांबली. शेवटी नाइलाजाने ती स्वतःच्या मातीत शिरली आणि गणपती करू लागली. करता करता खरंच रमली. मुलाकडे बघायचं विसरली.

आणि मग ते झालं. मुलाने आपलं काम थांबवून तिच्या गणपतीकडे बघितलं. वाकून, बारकाईने. “मम्मी, तुज्या गणपतीचो कान पडटा. हांव लावूं?”

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. हा निर्णय तिचा होता. “लाव,” ती म्हणाली. त्याने बोट पाण्यात बुडवलं, कानाच्या कडेला आणि डोक्याला ओली माती चोपडली, कान टेकवला आणि दाबून धरून ठेवला. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, श्वास रोखलेला. कान टिकला. मग त्याच युक्तीने त्याने आपल्या उंदराची शेपटी बसवली. ही युक्ती त्याला कोणी सांगितली नव्हती. त्या दिवशी त्यांची वेळ संपून गेली तरी मी त्यांना उठवलं नाही, आणि ‘याचं लक्ष लागत नाही’ हे वाक्य त्या आईच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

माझ्या कामातल्या ज्या दुपारी मला मनापासून अभिमानाच्या वाटतात, त्यांतली ती एक. त्या दिवशी मला स्वच्छ दिसलं की मुलाला आपली मदत जेवढी हवी असते, त्याहून जास्त आपलं काम शेजारी चाललेलं हवं असतं. अपुरं, चुकतमाकत चाललेलं. मोठ्या माणसाचा कान पडू शकतो हे दिसलं की स्वतःची शेपटी पडण्याची भीती जाते.

बक्षिसाचंही तसंच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांपेक्षा बराच कमी वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम त्यांच्यासाठी मोबदल्याचं झालं होतं. ‘हे पूर्ण कर, मग मोबाइल देते’ म्हणणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रयोग रोज होतो.

मग करायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: किट बंद करून ठेवा आणि ऋतूकडे बघा. हा विचार माझा नव्हे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डी या गावी बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांची वाट न बघता आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवण्याची साधनं उभी केली. गोव्यात तर दर महिन्याला दारात नवीन काहीतरी येऊन पडतं.

पावसाळ्यातला माझा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे पाऊस मोजणं. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग मोठ्या माणसाने कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळ खोलगट असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून ते बुडतील एवढं पाणी घाला आणि तिथे शून्याची खूण करा. बाटली उघड्यावर ठेवा, पागोळ्यांखाली नको. रोज सकाळी मुलाने निळ्या कागदाची पट्टी बाटलीला लावायची, खुणेपासून पाण्याच्या उंचीएवढी फाडायची, कॅलेंडरवर चिकटवायची आणि बाटली पुन्हा खुणेपर्यंत रिकामी करायची. कात्री नको, हातानेच फाडू द्या. फाटकी कड वाकडी येईल, येऊ दे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकावर एक जोडल्या तर खोलीच्या छताला टेकतील. आलेख हा शब्दही न ऐकलेलं मूल ‘काल कमी, आज खूप’ हे स्वतः वाचायला लागतं.

तेऱ्याच्या (रानअळूच्या) पानावर पाणी ओता आणि फणसाच्या पानावर ओता. एकावर थेंब मोत्यासारखा पळतो, दुसऱ्यावर पसरतो. ‘का’ हे लगेच सांगू नका, मुलाला आणखी पानं शोधू द्या. (तेऱ्याचा चीक खाजतो, देठ मोठ्यांनी तोडावा.) २४ जूनला सांजांव (ख्रिस्ती लोकांचा सेंट जॉनचा सण), शेजारी कोपेलं (पानाफुलांचे मुकुट) गुंफताना बघून मुलाला वेलीचं कडं वळून द्या, त्यात पानं-फुलं ते स्वतः खोचेल.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगून केलेली मांडणी, तर मला बालवाडीचं अख्खं वर्ष वाटते. कांगलां, आंबाडे, घागऱ्यो, सुपारीचे शिपटे, सगळं सुपात येऊन पडलं की मुलाला आधी तेच द्या. रंगाने वेगळं करणं, मोठं-लहान लावणं, मोजणं, वास घेणं, नावं विचारणं. वाळलेली घागरीची शेंग कानाशी हलवली की आतल्या बिया खुळखुळतात. एकच सांभाळायचं: कवंडळ दिसायला लालभडक पण विषारी, ते लहान मुलाच्या हातात नको. आणि आजी पातोळ्यो करत असेल, तर हळदीच्या पानावर पीठ पसरायचं काम नातवाचं. बोटांनी पसरायला पेन्सिलीपेक्षा जास्त नेमकेपणा लागतो, हे करून बघितल्यावर कळतं.

वयाचं भान मात्र ठेवा. तीन वर्षांचं मूल कात्रीने कागदाला नुसते काप देतं. रेषेवरून कापणं साधारण चौथ्या वर्षाकडे जमू लागतं. तीन वर्षांच्या मुलाला फाडू द्या, चुरगळू द्या, खळीने चिकटवू द्या. केळीच्या वायात (सोपटाच्या धाग्यात) अबोली गुंफणं हे मोठ्या भावंडांचं काम, धाकट्याने फुलं निवडून हातात द्यायची.

राहिला शाळेचा प्रश्न, आणि तो प्रत्येक आई विचारतेच. “मी त्याचं तसंच पाठवलं, तर बाकीच्यांसमोर त्याला वाईट नाही का वाटणार?” मी सांगते: वस्तू त्याने केली तशीच पाठवा आणि वहीत टीचरना दोन ओळी लिहा, की हे त्याने एकट्याने केलंय, त्याला विचारा कसं केलं, तो सांगेल. या मायलेकांनी माटोळीच्या फळांचं चित्र असंच पाठवलं. टीचरनी विचारलं, आणि एरवी वर्गात न बोलणारा हा मुलगा कांगलां कुठे मिळतात इथपासून सांगत सुटला. नंतर त्या टीचर मला भेटल्या. दिवाळीपासून घरी काही करायला द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं: कागद आणि खळ घरून आणायची, कंदील वर्गातच करायचा.