ॲक्रिड, ॲसर्बिक, ॲक्रिमनी: चवीला लागलेली धार

अनुवादाचं काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. एकाच लेखात त्यांना ॲक्रिड धूर, ॲसर्बिक शेरा आणि ॲक्रिमोनिअस घटस्फोट असे तीन प्रयोग भेटले. शब्दकोशात तिन्हींपुढे ‘तिखट, कडवट, तीव्र’ एवढंच. मग फरक काय, आणि हे शब्द एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

नातं सख्खं आहे. लॅटिनमध्ये ‘आकेर’ म्हणजे धारदार, तीक्ष्ण. त्याच्याही मागे टोकदारपणा सांगणारा ‘अक्’ हा आद्य इंडो-युरोपीय धातू, म्हणजे लॅटिन, इंग्रजी, संस्कृत यांच्या सामाईक पूर्वज भाषेतलं शब्दमूळ आहे. ॲसिड, ॲक्यूट हे त्याच घरातले. कडा किंवा धार या अर्थाचा एज हा अस्सल इंग्रजी शब्दही तिथलाच. संस्कृतात त्याचं रूप ‘अश्रि’, म्हणजे कड, कोपरा. चार कोपऱ्यांचं ते चतुरश्र, आणि त्यावरून आपलं चौरस. ॲसिड आणि चौरस एका धातूचे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता फरक. ॲक्रिड नाकाघशासाठी. फोडणीत सुकी मिरची करपली की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत सगळ्यांना ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. तो धूर ॲक्रिड. जळत्या टायरचा, फटाक्यांचा धूरही तसाच. मराठीत त्याला तिखट म्हणून भागत नाही. ‘घशाला झोंबणारा धूर’ म्हणावं, किंवा नुसतं ‘उग्र’. पन्जंट आणि ॲक्रिड यांचीही गल्लत होते. लसूण, हिंग, मोहरी यांचा वास पन्जंट असतो आणि तो हवाहवासाही वाटू शकतो. ॲक्रिड कुणालाच आवडत नाही.

ॲसर्बिक माणसाच्या बोलण्यासाठी. मुळातला लॅटिन ‘आकेर्बुस’ हा कच्च्या फळाच्या चवीचा शब्द. कच्चं करवंद चावल्यावर तोंड आखडतं आणि दात आंबतात, तसं एखाद्याचं बोलणं ऐकून होतं. त्यात बुद्धीची चमकही गृहीत असते, म्हणून शिवराळ बोलणं ॲसर्बिक ठरत नाही. ‘बोचरा शेरा’ इथे चपखल बसतो.

ॲक्रिमनीला मात्र दोन बाजू लागतात. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तो चवीच्या किंवा पदार्थाच्या तिखटपणाबद्दलही वापरत. पुढे चव मागे पडली आणि माणसांमधलं वितुष्ट उरलं. तुमचा तिसरा प्रयोग मी ‘कडाक्याच्या भांडणातून झालेला घटस्फोट’ असा करीन. ‘कटुता’ही चालेल, पण ती अबोल असू शकते, ॲक्रिमनीत शब्दाला शब्द लागलेला असतो.

याच कुळात एक शब्द असा आहे की त्याची धार आज जाणवतही नाही: ईगर. फ्रेंच ‘एग्र’ म्हणजे आंबट. ‘व्हँ’ म्हणजे वाइन. आंबलेली वाइन ती व्हिनेगर. हाच एग्र इंग्रजीत ईगर झाला. ‘हॅम्लेट’मध्ये राजाच्या कानात ओतलेल्या विषाने रक्त कसं गोठलं हे सांगताना दुधात पडलेल्या ‘ईगर’ थेंबांची उपमा येते. तिथे ‘उत्सुक’ असा अर्थ घेतला तर काहीच कळत नाही. आंबट थेंब पडून दूध नासतं, तसं ते रक्त.

दुसरं, वेगळ्या धातूचं मोठं कूळ टोचण्याचं. लॅटिन ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. त्यातून पन्जंट, पंक्चर आणि फ्रेंचमार्गे पॉइन्यंट (यातल्या जी अक्षराचा उच्चार करत नाहीत). पॉइन्यंट पूर्वी सॉसची चव सांगायला वापरत. आज तो मनाला चटका लावणाऱ्या प्रसंगासाठी वापरतात. मराठीत बोचणं आणि बोचरं यांचा रस्ता हाच आहे, फक्त आपण तो स्वतःहून काढला. टीका आपल्याकडेही झोंबते, बोचते, जळजळीत असते. जळजळीतला इंग्रजी जोड कॉस्टिक, ग्रीकमधल्या ‘जाळणारा’ या अर्थाचा. आणि सार्कॅझम ज्यावरून आला त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ मांसाचे लचके तोडणं.

बिटर बाइटवरून आला: जे चावतं ते बिटर. बाइटचा धातू संस्कृत ‘भिद्’चा सख्खा भाऊ, म्हणजे फोडणं, भेदणं. तेव्हा बिटर आणि आपला ‘भेदक’ एकाच मुळाचे.

शेवटी एक सावधगिरी, कारण अनुवादात इथे हमखास चूक होते. आपलं ‘कडू’ संस्कृत ‘कटु’वरून आलं, पण आयुर्वेदाच्या सहा रसांमध्ये कटु म्हणजे तिखट. कडुनिंबाची, कारल्याची चव तिथे ‘तिक्त’. तिक्त ज्या ‘तिज्’ धातूचा, त्याचाच तीक्ष्ण, आणि त्यावरून आपलं तिखट. म्हणजे मराठीत येईपर्यंत दोन्ही शब्दांनी जागा बदलल्या. बिटर रसासाठी अशा मजकुरात ‘कटु’ लिहिलंत तर वैद्य मिरी समजेल. त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी, तिन्ही तिखट.