पोट रविवारी संध्याकाळी दुखायला लागतं का, ते आधी बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की पाचवीतल्या मुलाचं दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोट दुखतं, तपासण्यांत काही निघालं नाही आणि घरचे म्हणतात नाटक करतोय. नाटक म्हणू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं. भीती कसली, ते शोधायचं असेल तर दुखण्याची वेळ आणि जागा धरा.

दोन आठवडे वहीत टिपून ठेवा. रविवारी संध्याकाळी सुरू होतं आणि सुट्टी लागली की थांबतं, तर मूळ शाळेत आहे. मग वेळापत्रक शेजारी ठेवा. गणिताच्या तासाच्या दिवशीच दुखत असेल तर ती अभ्यासाची धास्ती असू शकते. पण पी.टी., मधली सुट्टी, रिक्षा, म्हणजे जिथे मोठ्या माणसाची नजर नसते तिथे बोट जात असेल, तर मुलांकडून त्रास असण्याचा संशय धरा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लघवीकडे. घरी आल्या आल्या दप्तरासकट आत पळतो का? सोलापूरच्या उन्हातसुद्धा पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का? शाळेचं स्वच्छतागृह ही दमदाटीची नेहमीची जागा, म्हणून तिथे जावं लागू नये यासाठी मुलं पाणीच पीत नाहीत. अर्थात नुसत्या घाणीमुळेही टाळतात. म्हणून सरळ विचारा, "तिथे घाण असते की कुणी उभं असतं?" जळजळ होत असेल तर लघवी तपासून घ्या.

रिकामा डबा म्हणजे लेकरू जेवलं असं नाही. शेंगाचटणी-भाकरीचा डबा चकाचक, आणि तरी घरी येऊन जेवणावर तुटून पडतो, तर डबा दुसरं कुणीतरी खातंय का बघा. डबा तसाच परत येत असेल तर शेजारी बसायला कुणी नसेल. कंपास एकदा हरवतोच. महिन्यात तिसरा गेला आणि कुठे ते सांगता येत नाही, तर विचार करा. शर्टाचं बटण आपोआप पडलं तर दोरा लोंबतो, ओढून तुटलं तर बऱ्याचदा कापडही फाटतं.

आपल्याकडे अजून एक. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं मूल शाळेच्या गेटवर अचानक "आई, इथं मराठीत बोल" म्हणायला लागलं, तर बोलण्याच्या ढबीवरून चिडवणं चालू असू शकतं. मारापेक्षा हे कमी लागत नाही.

"कोण मारतं का रे?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण हो म्हटलं की तुम्ही भांडायला जाल ही भीती असते. गाडीवर मागे बसलेला असताना किंवा शेंगा सोलताना, नजरेला नजर नसताना विचारा: "रिक्षात कुठं बसतोस? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस?" सांगितलं तर मधे बोलू नका, "तू पण दोन ठेवून द्यायच्या" असं तर मुळीच नको. "कुणाला सांगणार नाही" हे वचन देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय शाळेत जाणार नाही" एवढं द्या.

त्या मुलाला किंवा त्याच्या आईबापांना गेटवर गाठू नका. त्याचा वचपा दुसऱ्या दिवशी तुमच्याच मुलावर निघतो. तारीख, जागा, नेमके शब्द आणि कुणी पाहिलं, हे लिहून वर्गशिक्षक व मुख्याध्यापकांना अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागण्या नेमक्या ठेवा: बाक बदलणे, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी शिक्षक. दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका, असंही लिहा; एकटं पडलेलं मूल तिथे "काही नाही झालं" म्हणून मोकळं होतं. रिक्षावाल्या काकांना सांगून जागा त्यांच्या शेजारी किंवा नजरेसमोर घ्या. ग्रुपवर चिडवत असतील तर ग्रुप सोडण्याआधी नंबर व तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. त्रास शिक्षकांकडूनच असेल तर अर्जात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लिहा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना त्यात बंदी आहे.

कपड्यांच्या आत हात लावल्याचं कळलं तर शाळेच्या उत्तराची वाट न बघता पोलिसांत जा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. "मी नसतो तर बरं" असं बोलला तर त्याच दिवशी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर बोला किंवा सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या, आणि त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका.

वही आजपासूनच सुरू करा. पहिल्या आठवड्यात काय दिसलं ते इथे लिहा, मग अर्जाचा मजकूर मिळून करू.