व्हिएतनाममध्ये दुसऱ्याच्या नावावरची जुनी बाईक घ्यावी का?

प्रश्न: मी नेरुळला राहतो. दोन महिन्यांसाठी व्हिएतनामला जातोय. हनोईत जुनी बाईक घ्यायची, सायगावपर्यंत चालवायची आणि तिथे विकून परत यायचं असा बेत आहे. विकणारा म्हणतो, कागद म्हणून फक्त निळं कार्ड मिळेल, तेही दुसऱ्याच्याच नावावर, पण ‘सगळं चालतं’. खरंच चालतं का? आणि शेवटी गाडी विकली जाते का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्याचं हो असं आहे, पण ते ऐकून खूश होऊ नका, त्याबद्दल शेवटी सांगतो.

मी ठाण्याचा, वर्तकनगरचा. मार्च २०१९ मध्ये मी नेमकं हेच केलं. हनोईच्या जुन्या वस्तीतल्या एका गेस्ट हाऊसच्या दारात गाडी उभी होती. काळी, मागे लोखंडी कॅरियर, टाकीवर ‘विन’ लिहिलेलं. होंडाची म्हणून विकतात, पण पर्यटकांच्या हातात फिरणाऱ्या यातल्या बहुतेक चिनी नकला. माझीही तशीच, ११० सीसी. ६० लाख डोंग सांगितले. आकडा ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, पण तेव्हाच्या हिशेबाने १८ हजार रुपये. ठाण्यात एवढ्यात धड स्प्लेंडर येत नाही. घेतली.

कार्ड हातात आलं ते असं: निळसर, आधारकार्डाएवढं, लॅमिनेशन एका कोपऱ्यातून सुटलेलं, आत पाणी गेल्यामुळे शाई थोडी पसरलेली. नाव एका बाईचं. आपल्याला भाषा येत नसली तरी नावाच्या मध्ये ‘थी’ दिसलं की बाई असते, एवढं मला गेस्ट हाऊसच्या पोरानेच शिकवलं. ही बाई कोण, कुठे असते, तिने गाडी कधी विकली, कुणालाच माहीत नाही. माझ्या आधी एका इस्रायली मुलाने चालवली होती, त्याच्या आधी आणखी कुणीतरी. म्हणजे बाईच्या गाडीवर पाच-सहा देशांची पोरं फिरून आली आणि तिला पत्ता नाही.

माझे दाजी ठाण्यात आरटीओ एजंट आहेत. मी कौतुकाने कार्डाचा फोटो त्यांना पाठवला. त्यांचा फोनच आला. म्हणाले, “हे कार्ड त्या बाईचं आहे. गाडीपण त्या बाईचीच. तुझं काय, तर टाकीतलं पेट्रोल.” मी म्हटलं, दाजी, इथे सगळे असंच करतात. ते म्हणाले, “आमच्याकडेही सगळे असंच करतात. म्हणून तर माझं घर चालतं.”

हे खरंच आहे. आपल्याकडे जुनी बाईक विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायच्या, फोटो चिकटवायचे, बाकी रकाने कोरे सोडायचे आणि ‘तू कर सावकाश नावावर’ म्हणून चावी द्यायची, हे नेरुळमध्येही रोज चालतं. घेणारा ती तशीच तिसऱ्याला विकतो. मग एमएच ४३ च्या गाडीचं चलान, सिग्नल तोडला कुणीतरी भिवंडीत, मेसेज येतो तुम्हाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. चलान हा त्यातला किरकोळ भाग. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्टच सांगितलं: गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्या माणसाकडे गाडी नव्हती, चावी नव्हती, पैसे केव्हाच खर्च झाले होते. नाव तेवढं राहिलं होतं.

व्हिएतनाममध्ये या रोगाला नावही आहे. खऱ्या मालकाला ‘चिन् चू’ म्हणतात आणि ज्या गाडीवर चालवणाऱ्याचं नाव नाही ती ‘खोंग चिन् चू’. तिथली स्थानिक माणसंही वर्षानुवर्षं अशाच गाड्या फिरवत आली. म्हणून तुमचा विकणारा ‘चालतं’ म्हणतो तेव्हा तो अगदीच थापा मारत नसतो. २०१९ पर्यंत बरंचसं चालायचं.

मग १५ ऑगस्ट २०२३ ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. एक, पर्यटकांचा ई-व्हिसा ३० दिवसांचा होता तो ९० दिवसांचा झाला, म्हणूनच तुम्ही दोन महिन्यांचा बेत आखू शकताय. दुसरी गोष्ट, नंबरप्लेट गाडीची न राहता माणसाची झाली. आता तिथे नंबर मालकाच्या ओळखपत्राशी जोडलेला असतो. मालकाने गाडी विकली की नंबरप्लेट आणि कार्ड दोन्ही पोलिसांकडे जमा करायचं, नंबर त्याच्या नावावर राखून ठेवतात, घेणाऱ्याने स्वतःचा नंबर काढायचा. जमा केलं नाही आणि त्या गाडीने काही भानगड केली तर मूळ मालक अडकतो. आता विचार करा. त्या ‘थी’बाईने उद्या कुणाच्या सांगण्यावरून जाऊन आपला नंबर रद्द करून घेतला, तर तुम्ही कुठल्यातरी घाटात ज्या गाडीवर बसला असाल तिला नंबरच नाही. तुम्ही स्वतःच्या नावावर करून घ्याल म्हणता? पर्यटक व्हिसावर होत नाही. त्यासाठी तिथला रहिवासाचा परवाना लागतो.

विकणाऱ्याला एवढंच विचारा: प्लेट कोणाच्या नावावर आहे आणि तो माणूस पोलीस ठाण्यात यायला तयार आहे का? उत्तराऐवजी हसू येईल.

आता लायसन्सचं. हे कागदाइतकंच महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात, मी पण. मी जायच्या आधी ठाण्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं, हजार रुपये भरून, आणि खिशात कवच-कुंडलं असल्यासारखा फिरत होतो. दक्षिणेकडे समुद्राकाठच्या एका गावात पोलिसांनी अडवलं. पुढचे दोन गोरे आधीच रस्त्याकडेला उभे. अंमलदाराने माझं परमिट उघडलं, बाकी काही वाचलं नाही, ‘१९४९’ वर बोट ठेवलं आणि मान हलवली. भारत परमिट देतो ते १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे. व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं. साल चुकलं, लायसन्स नाही, विषय संपला. तीन तास उन्हात उभं राहून दंड भरून सुटलो. कार्डाचा विषय निघाला नाही हे नशीब.

तेव्हाचा दंड सोसण्यासारखा होता. जानेवारी २०२५ पासून तिथे दंड बरेच वाढवलेत. १२५ सीसीपर्यंतची गाडी लायसन्सशिवाय चालवली तर २० ते ४० लाख डोंग, म्हणजे साधारण ७ ते १४ हजार रुपये. त्याहून मोठी गाडी असेल तर ६० ते ८० लाख. वर गाडी जप्त होऊ शकते, आणि ती सोडवायला तुम्ही कोण? कार्डावर तर ती बाई. जप्त गाडीसाठी मालकी सिद्ध करायची वेळ आली की पर्यटक चावी टेबलावर ठेवून बस पकडतो.

इन्शुरन्सबद्दल एकच सांगतो. तुमच्या ट्रॅव्हल पॉलिसीत ‘वैध परवान्यासह’ असे शब्द कुठेतरी बारीक अक्षरात असतातच, ते शोधून वाचा. तिथली सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी वर्षाला ६६ हजार डोंग, दोन-सव्वादोनशे रुपये, कुठेही मिळते. पण तिने तुमचा पाय जोडला जात नाही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं.

दा नांगमध्ये गाडी चढावर दम सोडायला लागली. (दा नांगच्या गाड्यांचा नंबर ४३ ने सुरू होतो. आपल्या वाशीचाही ४३. सगळ्या रस्त्यावर एमएच पुसून टाकलेलं नवी मुंबई फिरतंय असं वाटायचं.) ‘सुआ से’ अशी पाटी दिसली की तिथे गॅरेज, एवढं वाचता यायला लागलं होतं. मेकॅनिक पन्नाशीचा, तोंडात न पेटवलेली सिगारेट. त्याने पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून इंजिनाचा खालचा भाग पुसला. ग्रीसचा थर निघाला तसा नंबर दिसायला लागला. मग त्याने माझ्याकडे हात पसरला, कार्ड मागितलं. कार्डावर ‘सो माय’ म्हणजे इंजिन नंबर आणि ‘सो खुंग’ म्हणजे चॅसी नंबर. त्याने नखाने कार्डावरचा आकडा दाखवला, मग इंजिनावरचा. एकही अंक जुळत नव्हता. चॅसी जुळत होता. म्हणजे सांगाडा बाईचा आणि इंजिन भलत्याच गाडीचं. ते चोरीच्या गाडीचं की भंगारातलं, देव जाणे. मेकॅनिक हसला, कार्ड परत दिलं, आणि जाताना त्याच ग्रीसचं बोट नंबरवरून पुन्हा फिरवून तो झाकून टाकला. माझ्यावर उपकार म्हणून.

दुरुस्तीचे १४ लाख डोंग झाले. तिथून सायगावपर्यंत प्रत्येक पोलीस दिसला की माझी नजर खाली इंजिनाकडे जायची. ज्या रस्त्यासाठी गेलो होतो तो समुद्राकाठचा रस्ता मी निम्मा पाहिलाच नाही.

फिरायचंच असेल तर मार्ग आहेत. भाड्याची गाडी दिवसाला दीड-दोन लाख डोंगमध्ये मिळते, आणि हनोईला घेऊन सायगावला सोडायची सोय करणारेही आहेत, तिथे निदान गाडी कुणाची हे विचारता येतं. पण भाड्याची असली तरी लायसन्सचा प्रश्न उरतोच. ५० सीसीच्या आतल्या गाडीला तिथे लायसन्स लागत नाही. वेग कमी, पण जीव शांत. मला विचाराल तर ‘ईझी रायडर’ घ्या: स्थानिक माणूस चालवतो, तुम्ही मागे बसायचं. दा लातमध्ये ही पद्धत सुरू झाली, आता हा झांगच्या डोंगरातही सगळीकडे मिळते. मागे बसायला लाज वाटत असेल तर ती नेरुळलाच ठेवून जा. लांबचा पल्ला, हनोई ते सायगाव, ट्रेनने करा, १७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे आणि खिडकीतून बरंच दिसतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. विकली जाते का?

जाते. माझी दोन दिवसांत गेली. पण भावाचं गणित समजून घ्या. हनोईत घेणारा तुम्ही घाईत नसता. सायगावला पोचता तेव्हा व्हिसाचे दिवस संपत आलेले, विमानाचं तिकीट काढलेलं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फाम न्गू लाओ भागातल्या एका दुकानदाराने माझ्या गाडीला १२ लाख सांगितले. ६० ची गाडी, १४ दुरुस्तीचे, आणि हातात १२. मी गेस्ट हाऊसच्या बोर्डावर चिठ्ठी लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा, उत्तरेकडे जाणार होता. गाडी फिरवून बघितली. मग विचारलं, कागद बरोबर आहेत ना? मी म्हटलं, निळं कार्ड आहे, इथे सगळे असंच करतात, चालतं. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, जी मी हनोईत ऐकली होती. इंजिनाबद्दल बोललो नाही. तो खाली वाकलाही होता, पण तिथे ग्रीस होतं. ४० लाख मोजून दिले त्याने, मोजताना दोन नोटा चिकटल्या होत्या त्यातली एक मीच परत केली, म्हणजे बघा किती प्रामाणिक.

चार महिन्यांनी त्याचा मेसेज आला. मी तेव्हा तीन हात नाक्याला सिग्नलवर होतो, रिक्षात. फोटो होता, पुसलेल्या इंजिनाचा, आणि खाली एकच ओळ: तुला हे माहीत होतं का?

मेसेज मी उघडला होता, त्यामुळे त्याला दोन निळ्या टिका दिसल्या असतील. उत्तर मी दिलेलं नाही.