सोयाबीनचं कुटार, कॉस्टिक सोडा आणि गोबरगॅस

प्रश्न : आमचा २ घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस आहे पण आता जनावरं कमी झाली, शेण पुरत नाही. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पडून आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला की कुटार कॉस्टिक सोड्यात भिजवून टाकलं तर गॅस वाढतो. करून बघू का? पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) पण चालते का?
— एक वाचक, खारपाणपट्टा, जि. अकोला

उत्तर : व्हिडिओवाला खोटं बोलत नाहीये. कुटारात लिग्निन नावाचा चिवट, लाकडासारखा घटक असतो, टाकीतल्या जंतूंना तो फुटत नाही आणि ज्याचा गॅस व्हायचा ते सेल्युलोज त्याच्यात अडकून बसतं. कॉस्टिकनं ही पकड ढिली होते, गॅस खरंच वाढतो.

पण तुम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणजे पाणी खारं आणि जमीन क्षारट, म्हणून माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. १०० किलो कुटाराला ५ किलो कॉस्टिक धरलं तर त्यात जवळपास ३ किलो सोडियम आलं, ते जळत नाही की उडून जात नाही, सगळं स्लरीतून (टाकीतून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यातून) तुमच्याच वावरात जाणार, आणि तिथं काळी माती आधीच सोडियमनं चिबड झालेली. टाकीत जास्त झालं तर गॅस करणारे जंतूही मंदावतात. शिवाय हातावर उडालं तर कातडी जळते, घरात लेकरं असतील तर ते पोतंच आणू नका.

त्यापेक्षा विरवलेला चुना घ्या. काम हळू करतो पण स्वस्त आहे आणि सोडियमची भानगड नाही. कुटार आधी बारीक करा, हे महत्त्वाचं, लांब काड्या वर तरंगून साय धरतात आणि दीनबंधूचा घुमट पक्का बांधलेला, त्यातून ती काढायची म्हणजे डोक्याला ताप. १०० किलोला ६-७ किलो चुना पाण्यात कालवून शिंपडा, नीट ओलं करा, ताडपत्रीखाली आठवडाभर दाबून ठेवा. हातमोजे, चष्मा इथंही लागतोच. मग रोज २ किलोपासून सुरुवात, तेही शेणात कालवूनच, कारण कुटारात कार्बन जास्त अन् नायट्रोजन कमी, नुसत्या कुटारावर टाकी चालत नाही. वैरणीला करतो तशी युरियाची प्रक्रियाही चालते, नायट्रोजनही मिळतो, फक्त हात आखडता ठेवा, अमोनिया जास्त झाला की जंतू बसतात.

ॲसिडचं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गंधकाच्या ॲसिडानं गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो आणि शेगडी गंजते.

पऱ्हाटी सोडा. ते लाकूडच आहे, घरगुती टाकीत काही उपयोग नाही, श्रेडर मिळाला तर वावरातच कुट्टी करा.

मधेच शेगडी नीट पेटेना झाली तर कुटार थांबवून ८-१० दिवस नुसतं शेण टाका.